सॅक भरण्याआधी काट्यावर ठेवा

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम ठरलाय? मग आजच स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि सॅकमधली एकेक वस्तू तोलून वहीत मांडा. अल्ट्रालाइटवाले, म्हणजे कमीत कमी ओझं घेऊन फिरणारे, खाणं, पाणी, इंधन सोडून बाकीचं वजन साधारण साडेचार किलोच्या आत ठेवतात. माझं पहिल्यांदा नऊ भरलं होतं!

टूथब्रशची दांडी कापण्यात अर्थ नाही. आधी सॅक, झोपायचं सामान आणि तंबू बघा, खरं वजन तिथेच असतं. मोठी सॅक घेतली की ती भरलीच जाते. एका रात्रीला ४० लिटरची रग्गड. दोघांत एकच तंबू न्या, कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे. जीन्स घरीच राहू दे, भिजली की वाळत नाही. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामीच दोनशे ग्रॅमच्या पुढे जाते, तर विकतच्या पाण्याची प्लास्टिक बाटली जेमतेम तीसेक ग्रॅम. आणि हो, ती परत आणायची.

महागडं सामान हवंच असं नाही. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड यांनी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीने पार केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा!

फक्त पाणी, टॉर्च, प्रथमोपचार आणि गरम जॅकेट यांत काटकसर नको. गडाच्या कोकणकड्यावरचा पहाटेचा वारा ग्रॅम मोजत नाही.