आधी रंग, मग नाव

शाळेच्या प्रयोगवहीत कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढली नाही, असा विद्यार्थी निफाड तालुक्यात शोधूनही सापडायचा नाही. लासलगाव याच तालुक्यातलं, त्यामुळे कांद्याला तोटा नाही! काचपट्टीवर पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब, की पेशींच्या विटा दिसू लागतात. जिवाणू त्या पेशीहून शेकडो पटींनी लहान आणि जवळजवळ पारदर्शक. त्यालाही रंगवावंच लागतं, आणि आयोडीन तिथेही लागतं.

१८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांत जंतू शोधत होता. (ग्रॅम हे इथे आडनाव, वजन नव्हे.) त्याची रीत अशी: आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं. मेख या धुण्यात आहे. जाड भिंतीच्या जिवाणूत रंग आणि आयोडीनची गाठ अडकून राहते. पातळ भिंतीच्या जिवाणूवरचा स्निग्ध पडदा अल्कोहोलने विस्कटतो आणि रंग वाहून जातो. त्याला मग सॅफ्रानिनने गुलाबी करतात. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल टिकत नाही, तसंच काहीसं. मात्र अल्कोहोल जरा जास्त रेंगाळलं, तर जाड भिंतवालाही रंग सोडतो आणि अहवाल उलटा येतो.

रंगाने गट कळतो, नाव नाही. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस दोघेही गोल, दोघेही जांभळे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की पहिल्यावर बुडबुडे फसफसतात, दुसऱ्यावर नाही. जंतू वाढवायच्या मॅकॉन्की माध्यमावर ई. कोलाय दुधातली साखर पचवून गुलाबी वाढतो. टायफॉइडचा जंतू तिथे बिनरंगी राहतो.

क्षयाचा जंतू मात्र ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही. त्याचं आवरण मेणकट. त्याच्यासाठी झील-नील्सन पद्धत: लाल कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवायचं, मग गंधकाम्लाने धुवायचं. बाकी जवळजवळ सगळं रंग सोडतं, हा सोडत नाही. मेथिलीन ब्लूच्या निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. हजार पट मोठं करून शंभर दृश्यक्षेत्रं तपासायची. प्रत्येकात दहाहून जास्त काड्या दिसल्या तर अहवालावर ‘३+’. आता गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र जंतूची जनुकं तासाभरात ओळखतं.

पण यंत्र असो की रंग, नमुन्याच्या डबीत नुसती लाळ आली तर दोन्ही फसू शकतात. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून, चूळ भरून, खोल श्वास घेत छातीतून खाकरून काढलेला बेडकाच हवा.