शून्य की ‘ओ’? कोड वाचायला फॉन्ट कोणता निवडावा

माढा, कुर्डुवाडी किंवा टेंभुर्णीतला एखादा विद्यार्थी पायथॉनचा प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम चालत नाही आणि तासभर शोधूनही चूक सापडत नाही. अशा वेळी विचार बरोबरच असतो, पण इंग्रजी लहान ‘एल’च्या जागी एकचा आकडा पडलेला असू शकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसले, तर चूक सापडणार कशी?

हा घोळ कोडपुरता नाही. बँकेच्या ११ चिन्हांच्या आयएफएससी कोडमध्ये पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तिथे ‘ओ’ टाइप केला की कोड चुकतो.

मोनोस्पेस म्हणजे काय?

नेहमीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘आय’ अरुंद आणि ‘एम’ रुंद असतो. मोनोस्पेस फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला, आकड्याला आणि मोकळ्या जागेलाही सारखीच रुंदी मिळते. इंग्रजी टाइपरायटरवर कोणतेही अक्षर उमटवले तरी कागद तेवढाच सरकायचा, तसेच हे.

पायथॉनमध्ये कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते, हे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. मोनोस्पेसमध्ये ही जागा मोजता येते आणि एक स्पेस कमी-जास्त झाली तर लगेच दिसते.

निवडायचा कसा?

फॉन्टच्या नावापेक्षा तीन चाचण्या महत्त्वाच्या.

१. शून्य, मोठा ‘ओ’ आणि लहान ‘ओ’ शेजारी टाइप करा. शून्याच्या आत तिरकी रेघ किंवा ठिपका असेल तर उत्तम.

२. एक, लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि उभी रेघ एका ओळीत लिहा. चारही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

३. स्वल्पविराम व पूर्णविराम, कोलन व सेमीकोलन, गोल कंस व महिरपी कंस लहान आकारात पाहा. फोन नेहमीच्या अंतरावर धरूनच पाहा, जवळ आणून नको.

पर्याय कोणते?

विंडोजमधला ‘कन्सोलास’ या चाचण्यांना उतरतो. ‘कुरिअर न्यू’ मोनोस्पेस असला, तरी त्याच्या रेघा बारीक आहेत आणि शून्यात खूण नाही. ‘सोर्स कोड प्रो’ (२०१२), ‘आयबीएम प्लेक्स मोनो’ (२०१७), ‘कॅस्केडिया कोड’ (२०१९) आणि ‘जेटब्रेन्स मोनो’ (२०२०) हे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. पैसे देऊन फॉन्ट घेण्याची गरज नाही.

काही फॉन्ट दोन-तीन चिन्हे जोडून एकच चिन्ह दाखवतात. याला लिगेचर म्हणतात. नवशिक्यांनी ही सोय बंद ठेवावी, कारण प्रत्यक्षात कोणत्या कळा दाबायच्या हे त्यात झाकले जाते.

मराठी मजकूर का सरकतो?

कोडमध्ये मराठी टीप लिहिली की पुढचे रकाने सरकतात. यात लिहिणाऱ्याची चूक नसते. कोडसाठीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून यंत्रणा दुसरा फॉन्ट वापरते. विंडोजवर बरीच वर्षे दिसणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट त्यांपैकीच एक. शिवाय ‘क्ष’ डोळ्यांना एक अक्षर वाटते, पण संगणक क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे साठवतो. त्यामुळे मराठी टीप स्वतंत्र ओळीवर लिहिणे सोयीचे.

फोनवर काय करावे?

एडिटरच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट’ पाहा आणि आकार वाढवा. आडवा फोन धरल्यास लांब ओळी कमी तुटतात. व्हॉट्सअॅपवर कोड पाठवताना आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या. मजकूर मोनोस्पेसमध्ये दिसेल आणि मित्राला चूक शोधणे सोपे जाईल.