भंगारात देण्याआधी सोफा उलटा करून पाहा: जुन्या सागवानी फर्निचरची दुरुस्ती घरच्या घरी

दिवाळी झाली, धान निघालं की आपल्या जिल्ह्यात लग्नाची बोलणी सुरू होतात आणि गल्लीत भंगारवाल्याच्या हाकाही वाढतात. फाटक्या रेक्झीनचा सोफा, करकर वाजणारी खुर्ची, पाय हलणारा दिवाण त्याच्या गाडीवर चढतो. आठवडाभरात तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर नवा चकचकीत सेट येतो. भंगारवाला मात्र फाटकी रेक्झीन पाहत नाही. तो सोफा उलटा करतो, खालून नखाने किंवा किल्लीने लाकूड खरवडतो आणि मगच भाव सांगतो. ते काम आधी आपणच करायला हवं.

खालच्या बाजूला, जिथे पॉलिश किंवा रंग लागलेला नसतो, तिथे जरा खरवडून पाहा. सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट लागणारं लाकूड आणि जुन्या सागवानाचा ओळखीचा वास आला तर ते सागवान. चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या जुन्या घरांमध्ये सागवान आणि बिजा ही दोन लाकडं बरीच सापडतात. अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं, ते याच पट्ट्यातलं. तीस-चाळीस वर्षं घरात राहून वाळलेलं असं लाकूड आता वाकत नाही, पिळत नाही. नवीन स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदात दाबून केलेली पाटी. पावसाळ्यात ओल लागली की तो फुगतो, कडा सुटतात आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. सागवानी सांगाडा निकामी झालेला नसतो, त्याच्यावरचं कापड आणि फोम तेवढा संपलेला असतो.

सगळंच वाचवण्यासारखं असतं असंही नाही. पाय आतून पोकळ झाला असेल, चावी दाबली की आत जात असेल, किंवा फर्निचरच पार्टिकल बोर्डाचं असून फुगलं असेल, तर त्यावर पैसे घालू नका.

आधी सांधे, मग कापड

दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो उलट्या क्रमामुळे. नवीन कापड चढवलं, फोम टाकला आणि महिनाभरात सांगाडा पुन्हा करकरायला लागला, असं होतं. खुर्ची हलते तेव्हा घरात पहिला हात खिळ्याकडे जातो. खिळा ठोकू नका. सांध्यात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं. खिळा ते टोक फाडतो, शिवाय गंजून भोक मोठं करतो. मग सुतारालाही ते नीट करता येत नाही.

सांधा सुटा करायचा असेल तर आधी नीट पाहा. जुन्या कामात सांध्यातून आरपार बांबूची छोटी खुंटी मारलेली असते. ती मागून हलकेच ठोकून बाहेर काढा. सांधा उघडताना लाकडाचा तुकडा मध्ये धरून त्यावर हातोडी मारा, थेट खुर्चीवर नको. फार जुनं फर्निचर असेल तर आत सरस असतो, तो गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. जुना गोंद पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवीन फेविकॉल धरत नाही, कारण तो लाकडात मुरायला पाहिजे, वाळलेल्या गोंदावर बसून चालत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण खुर्ची पुढची वीस वर्षं टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

फेविकॉल दोन्ही बाजूंना लावा, सांधा बसवा आणि आवळा. शिकंजा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिच्या पट्ट्या करा आणि खुर्चीच्या पायांभोवती ताणून गुंडाळा. सुताची दोरी असेल तर दोन वेढे घ्या आणि मध्ये काठी घालून पिळा. बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसून टाका. तो सुकला की त्या जागी पॉलिश धरत नाही आणि पांढरा डाग कायम दिसतो. चोवीस तास खुर्चीवर कोणाला बसू देऊ नका. आवळण्याआधी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात ना, ते पाहा. वाकडी सुकली तर वाकडीच राहते.

टोक तुटलं असेल किंवा खाच फाटली असेल तर मात्र सुताराला बोलवा. सगळं फर्निचर आधी गोळा करून ठेवा आणि एका दिवसाच्या मजुरीत त्याच्याकडून फक्त सांधे करून घ्या. घासणं, पॉलिश आणि कापड ही कामं घरी होतात.

जुना रंग कोरडा घासू नका

अनेकांच्या घरी चांगल्या सागवानावर निळा, हिरवा किंवा चॉकलेटी ऑइलपेंट मारलेला असतो. तो काढून आतलं लाकूड उघडं करावंसं वाटतं, आणि ते दिसतंही सुंदर. पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही आणि नुसतं पाहून काही कळत नाही. कोरडा घासला की त्याची पूड घरभर उडते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अंगणात रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतंच.

म्हणून रंग काढायचा असेल तर घराबाहेर, खाली प्लॅस्टिक अंथरून, वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलं घासा. तोंडाला मास्क बांधा. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. निघालेला चिखल प्लॅस्टिकसकट गुंडाळून टाका, बागेत किंवा विहिरीजवळ फेकू नका. आणि रंग मारलेलं जुनं लाकूड चुलीत किंवा आंघोळीच्या पाण्याच्या बंबाखाली जाळू नका. आपल्याकडे ते सर्रास होतं, पण त्या धुरातही तेच शिसं असतं.

कीड आणि ढेकूण: वावरातलं औषध घरात नको

लाकडाला बारीक गोल भोकं आहेत आणि खाली पिठासारखी पूड पडते, म्हणजे आत कीड जिवंत आहे. ती पुसून काढा, खाली काळा कागद ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पाहा. पुन्हा पूड दिसली नाही तर भोकं बहुधा जुनी आहेत. सागवानाचा आतला गडद भाग किडीला सहसा दाद देत नाही. कीड लागते ती बाहेरच्या फिकट भागाला आणि आंब्यासारख्या मऊ लाकडाला. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीसाठी तयार औषध मिळतं. ते सिरिंजने भोकात सोडून फर्निचर काही दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. रॉकेल उडून जातं, त्याने फारसं साधत नाही. वाळवीचं गणित वेगळं असतं. ती मातीचे बोगदे करत जमिनीतून येते, त्यामुळे पायांखाली दगड किंवा टाइल्सचा तुकडा ठेवणं आणि फर्निचर भिंतीपासून चार बोटं दूर ठेवणं हा पहिला उपाय.

कपाशीवर किंवा धानावर मारायचं औषध मात्र दिवाणावर, बाजेवर, सोफ्यावर कधीही फवारू नका. ढेकणांसाठी हे केलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. शेतातलं औषध उघड्या हवेसाठी असतं. तेच बंद खोलीत कापडात मुरलं की त्यावर झोपणारा माणूस रात्रभर ते हुंगतो आणि अंगाला लावून घेतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते तर मोकळ्या वावरात. ढेकणांना उकळतं पाणी पुरतं. कापड आणि फोम काढून टाकल्यावर सांगाडा अंगणात न्या, प्रत्येक सांध्यात, चिरेत, जुन्या चुकांच्या भोकांत उकळतं पाणी ओता आणि सावलीत खडखडीत वाळवा. आठवड्याने पुन्हा एकदा करा, कारण अंडी राहिलेली असू शकतात. हे पॉलिशच्या आधी उरकायचं. पॉलिशवर गरम पाणी पडलं की ती पांढरी पडते. सांध्याचा फेविकॉलही यानंतरच लावायचा.

मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात मात्र लाकूड टाकू नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते तडकतं.

पॉलिश: चपडा आणि स्पिरिट

जुन्या सागवानाला सगळ्यात शोभतं ते स्पिरिट पॉलिश. प्रमाण साधं आहे: १ लिटर स्पिरिटमध्ये साधारण १४० ग्रॅम चपडा. रात्रभर भिजू द्या, अधूनमधून ढवळा, सकाळी फडक्यातून गाळा. त्याआधी लाकूड ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरच्या पेपरने घासून घ्या, नेहमी रेषेच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशखाली आणखी उठून दिसतात. सुती फडक्यात कापूस बांधून त्याची पुरचुंडी करा आणि पातळ हात मारत जा. एक जाड हात देण्यापेक्षा सहा पातळ हात चांगले. स्पिरिट लवकर पेट घेतं आणि पोटात गेलं तर विषारी असतं. चूल, गॅस, बिडी लांब ठेवा आणि ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पावसाळ्यात हे काम करू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी लाकडाला जवसाचं तेल पाजलं तरी चालतं, फक्त उकळलेलं म्हणून मिळतं तेच घ्या, कच्चं अनेक दिवस चिकट राहतं. तेल लावलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. गठ्ठ्यात ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा.

फोम वजनावर तपासा

गादीच्या कामात फसवणूक होते ती इथे. बसायच्या जागेला ४० डेन्सिटीचा फोम घ्यावा, पाठीला ३२ चा चालतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. म्हणजेच दुकानदार खरं सांगतो का हे काट्यावर कळतं. २० बाय २० इंचाचा, ४ इंच जाडीचा ४० डेन्सिटीचा तुकडा साधारण १ किलो ५० ग्रॅम भरतो. तोच तुकडा ७०० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो जेमतेम २६-२७ डेन्सिटीचा आहे आणि लवकर बसेल. दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा. फोम फार वेगाने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून देवघराजवळ, उदबत्तीखाली असा सोफा ठेवू नका.

जुन्या सोफ्यात काथ्या निघाला तर तो टाकू नका. झटकून, उन्हात वाळवून, हाताने मोकळा करून फोमच्या खाली तोच घाला, फोम कमी जाडीचा लागतो. फोमवर आधी जुन्या सुती लुगड्याचं एक अस्तर चढवा. वरचं कापड त्यावर नीट सरकतं, फोमला चिकटत नाही.

जुनं कापड फाडून काढू नका. चुका पक्कडीने उपसा आणि तेच नवीन कापडाचा साचा म्हणून वापरा. प्रत्येक थर काढताना मोबाईलवर फोटो घ्या. कुठली घडी कुठे होती ते नंतर आठवत नाही.

कापड किती लागेल? सोफ्याचं कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचं असतं. १८ इंचाच्या चौरस बैठकीला चारही बाजूंनी ३ इंच दुमड धरली तर २४ इंचाचा चौरस तुकडा लागतो. पन्ह्यात दोन तुकडे बसतात, म्हणजे चार खुर्च्या सव्वा मीटरमध्ये होतात आणि सहा खुर्च्यांना दोन मीटर पुरतं. डिझाइनचं कापड असेल तर जास्त घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झीन घामाने अंगाला चिकटते आणि दोन-तीन वर्षांत तडकते, त्यापेक्षा जाड सुती कापड बरं. हातमागाची सतरंजी सुद्धा बैठकीला उत्तम चालते, फक्त कापण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्या.

कापड चढवताना चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक मारा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर रेषा तिरप्या जातात. कोपरे शेवटी, पाकिटासारखे दुमडून. खाली गोणपाट लावा म्हणजे धूळ आणि उंदीर दोन्ही अडतात.

नवीन पॉलिशवर पहिले पंधरा दिवस गरम चहाचा ग्लास ठेवू नका. पांढरा गोल उमटलाच तर फडक्याला स्पिरिटचा नुसता ओलावा लावून त्यावरून एकदोनदा हलका हात फिरवा, डाग निघतो. जास्त चोळलं तर पॉलिशच निघेल.