अहवाल कंपनीचा, हाडे कामगारांची

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता. घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगविण्याचे काम तेथे तरुण मुली करीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरून टोकदार करायचा, असे त्यांना शिकविलेले होते. त्याच कंपनीचे रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशाने, चिमट्याने रेडियम हाताळीत. धोका कोणाला सांगायचा, हेही कामाच्या उतरंडीवरून ठरत होते.

पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे वागते, हाडांत जाऊन बसते आणि आतून किरणोत्सार करीत राहते. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. १९२२ साली मॉली मॅगिया मेली. दाखल्यावर कारण लिहिले गेले सिफिलिस! गरीब बाईचे मरण तिच्या चारित्र्यावर ढकलले की मालक मोकळा. १९२७ मध्ये प्रेत उकरून तपासले, तेव्हा हाडांत रेडियम निघाले. सिफिलिसची खूणही नव्हती.

पण खरी गोष्ट १९२४ ची आहे. कुजबुज वाढली तेव्हा कंपनीचे अध्यक्ष आर्थर रोडर यांनी स्वतःच हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांना चौकशीस बोलावले. ड्रिंकर, त्यांच्या पत्नी कॅथरिन आणि विल्यम कॅसल यांनी कारखाना पाहिला. कामगारांच्या अंगावर, कपड्यांवर चमकती धूळ होती आणि तपासलेल्यांपैकी एकाचेही रक्त पूर्णपणे निर्दोष नव्हते. दोष रेडियमचाच, असा अहवाल त्यांनी दिला. आपण पैसे मोजून मागविलेले सत्य कंपनीला नको होते. तिने अहवाल दाबला आणि राज्याच्या कामगार खात्याला कळविले की, सर्व मुली ठणठणीत आहेत. वर ड्रिंकर यांचे नाव! ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंमुळे ही लबाडी ड्रिंकर यांना कळली. खटल्याची धमकी असतानाही त्यांनी १९२५ साली निष्कर्ष छापले.

मग कंपनीने दुसरा तज्ज्ञ शोधला. कोलंबिया विद्यापीठाचे फ्रेडरिक फ्लिन मुलींना तपासून तुम्ही निरोगी आहात असे सांगत. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हतेच. १९२६ साली त्यांनी या धंद्यात धोका नसल्याचा लेखही लिहिला. उलट हॅरिसन मार्टलँड या सरकारी वैद्यकाने १९२५ मध्येच मृत कामगाराच्या हाडांत आणि जिवंत स्त्रियांच्या श्वासातही किरणोत्सारी द्रव्य असल्याचे दाखविले होते.

१९२७ साली ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. कंपनीने मुदतीच्या कायद्याची ढाल पुढे केली: दोन वर्षांत दावा लावायला हवा होता. रेडियम मात्र हाडांत वर्षानुवर्षे गुपचूप काम करते. १९२८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. दोष मात्र कंपनीने कबूल केला नाही. ग्रेस फ्रायर १९३३ साली वारली.