फुटायचीच अंडी

बल्गेरियात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी किंवा शनिवारी घरोघरी रंगाची पातेली चुलीवर चढतात. पहिलं अंडं लालच रंगवायचं, असा दंडक. ते बाहेर निघालं की आजी ते नातवंडांच्या गालांवर, कपाळावर फिरवते. पोरं वर्षभर गुटगुटीत, लालबुंद राहावीत म्हणून. मग ते पुढच्या ईस्टरपर्यंत जपून ठेवायचं. बाकीची सगळी पोरांच्या तावडीत! सणाच्या दिवशी अंड्यावर अंडं आपटायचं. ज्याचं शेवटपर्यंत शाबूत राहील तो जिंकला.

या सणाला अंड्यांची एवढी चंगळ कशी, याचं उत्तर उपासात आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपासाचं काय! त्या घालतच राहायच्या, त्यातून वसंतात जरा जास्तच. साठलेली अंडी मग सणाला बाहेर निघत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंडी घेतल्याची नोंद आहे, खर्च 18 पेन्स. त्यातली काही सोन्याच्या वर्खानं मढवून दरबाऱ्यांना वाटली गेली.

सजवलेलं अंडं म्हटलं की हल्ली युक्रेनचं ‘पिसांका’ डोळ्यांपुढे येतं. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं या कलेला आपल्या वारसा यादीत जागा दिली. कोलोमिया गावात तिचं अंड्याच्याच आकाराचं संग्रहालय 2000 पासून उभं आहे. तंत्र बाटिकचंच. धातूच्या बारीक चोचीच्या लेखणीत मधमाश्यांचं मेण वितळवायचं, त्यानं कच्च्या अंड्यावर रेघा ओढायच्या, मग अंडं आधी पिवळ्या, नंतर नारिंगी, लाल, शेवटी काळ्या रंगात बुडवायचं. अखेर मेणबत्तीजवळ धरून मेण पुसलं की सगळे रंग एकदम उघडे पडतात. काम देखणं, पण चार वर्षांच्या पोराच्या हाती कच्चं अंडं, उकळतं मेण आणि पेटती मेणबत्ती एकाच वेळी कोण देईल? युक्रेनी घरांनी ही अडचण कधीच सोडवली आहे. त्यांच्याकडे ‘क्राशांका’ही असतं: उकडलेलं, एकरंगी, खाण्यासाठीच रंगवलेलं.

लहानांसाठी सगळ्यांत झकास रीत लात्व्हियात आणि सर्बियात दिसते, आणि तिला लागतात कांद्याची टरफलं. पांढऱ्या अंड्याला पाण्याचा हात लावून त्यावर एखादं नाजूक, कातरलेलं पान चिकटवायचं. जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा वरून घट्ट ताणून मागे गाठ मारायची. ही गाठ मोठ्यांनीच मारावी. ती सैल राहिली तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षीचा पार विचका होतो. मग भरपूर टरफलं आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अंडं उकडायचं. गार झाल्यावर मोजा कापायचं काम मात्र पोराचं. विटकरी अंड्यावर पानाची शीर न् शीर पांढरी उमटलेली असते. तेलाचं बोट फिरवलं की चकाकी येते.

व्हिनेगर कशाला, तर कवचावर प्रथिनाचा पातळ थर असतो आणि आम्लामुळे त्याला रंग नीट धरतो. हौसेनं जास्त ओतलं तर कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यामुळे बुडबुडे येऊन ते खरबरीत होतं. जांभळ्या कोबीच्या पाण्यात पांढरं अंडं चक्क निळं होतं. हे बघताना मोठेही पातेल्यापाशी घुटमळतात.

अमेरिकेत हा खटाटोप आटोपशीर केला तो 1880 च्या दशकात, न्यूअर्कचा औषधविक्रेता विल्यम टाउनली यानं. त्याच्या रंगाच्या पुड्या ‘पास’ या नावानं आजही विकल्या जातात. त्याआधी, 1878 मध्ये राष्ट्राध्यक्ष हेस यांनी व्हाइट हाउसची हिरवळ अंडी घरंगळवणाऱ्या पोरांना खुली केली होती, कारण संसदेच्या आवारातलं गवत तुडवलं जातं म्हणून तिथे कायद्यानं बंदी आली होती.

खेळून झालेली अंडी खायची असतील तर खोलीच्या उष्णतेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, असं अमेरिकी कृषी खातं सांगतं. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या बेकऱ्यांतल्या मार्झिपानच्या अंड्यांना ही घाई नाही. त्यांच्यावर आयसिंगची फुलं असतात, सांगितलं तर मुलाचं नावही घालून मिळतं. आपटाआपटी मात्र त्यांच्यानं होत नाही.