टॉवर काढला की फोन तापतो

सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टचं आणि पाण्याचं रडगाणं संपलं की कुणीतरी हमखास उठतं: "गच्चीवरचा टॉवर आधी काढा, कॅन्सर होतो!" पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ. तो दाखवायला फोन मात्र हातात हवाच.

'रेडिएशन' म्हटलं की लोकांना अणुबॉम्बच आठवतो. क्ष-किरणांत रेणूतला इलेक्ट्रॉन उखडण्याइतका जोर असतो, म्हणून डीएनएला इजा होते. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ लहरीतल्या फोटॉनची ऊर्जा ट्यूबलाइटच्या उजेडातल्या फोटॉनच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. लहरी फार तीव्र असल्या तर ऊती तापतात, हा सिद्ध झालेला परिणाम. मर्यादा त्यावरूनच ठरल्या. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्याही एक दशांशावर आणली.

"मग जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये इशारा का दिला?" त्यांनी या लहरी '२बी' गटात टाकल्या. म्हणजे पुरावा तोकडा, पण शंका फिटलेली नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तिच्याविरुद्ध कुणी ठराव मांडल्याचं ऐकलं नाही. पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

खरी गंमत पुढेच. अँटेना टॉर्चसारखी समोर झोत टाकते, त्यामुळे थेट खालच्या फ्लॅटला फारसं काही मिळत नाही. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथाईवर येते. कानाला चिकटलेला ट्रान्समीटर आपलाच! टॉवर लांब गेला की तो जोर वाढवतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये रेंजची एकच दांडी असताना दहा मिनिटं बोला; फोन गरम लागेल, बॅटरी भराभर उतरेल. टॉवर हटवून आपण डोक्याजवळचं रेडिएशन वाढवून घेतो, हे कितीदा सांगायचं?

बाकीचं थोडक्यात. २०२१ मध्ये कोरोनाचं खापर फाइव्ह-जीच्या चाचण्यांवर फुटलं, तेव्हा देशात त्या सुरूही झाल्या नव्हत्या. रेडिएशन रोखायला म्हणून फोनला लावतात ती शेणाची चिप किंवा स्टिकर लहरी खरंच अडवत असता, तर फोनच लागला नसता. टॉवरमुळे चिमण्या गेल्या म्हणतात; त्या महानगरांत घटल्यात हे खरं. पण २०२० च्या पक्षी-अहवालानुसार देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे, आणि टॉवर तर खेड्यातही आहेत.

एक सावधगिरी मात्र रास्त आहे: पेसमेकर बसवला असेल तर फोन त्यापासून पंधरा सेंटीमीटर लांब ठेवावा, शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको. कारण मुख्यतः फोनमधलं चुंबक.