जवळची वाट, लवकरची वाट

माळीवाड्याहून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेने कोणता रस्ता धरावा? जवळचा, असे आपण चटकन म्हणतो. पण कापडबाजारातली जवळची वाट सणासुदीच्या संध्याकाळी लांबची ठरते. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली वाट शोधण्याची एक रीत प्रसिद्ध केली. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचे अंतर मांडायचे आणि ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी, ती निवडायची. रुग्णवाहिकेसाठी हे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजावे लागते आणि ही मिनिटे तासागणिक बदलतात.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर तिला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड होऊ शकतो. पण मंडळी, रस्त्यात आडवी लावलेली एक मोटारसायकलही सारा हिशेब बिघडवते. वाट यंत्र शोधील, मोकळी आपल्यालाच करावी लागेल.